सोमवारी गिंदा खाजवते

नुकारेनी,
१४ जानेवारी २००४

झीना बाळा,

आज जुन्या पंचांगाचं नवं वर्ष. पहाटेच पोरं आली, दारात गहू उधळून गेली, आता दिवसभर कोंबड्या पायात येताहेत. तुझं पार्सल निकानोरने गेल्या आठवड्यात मंगळवारी आणून दिलं. त्याच्या गाडीत पाय ठेवायला जागा नव्हती म्हणे, सगळ्या आयांना सगळ्या लेकींनी इटली बांधून पाठवलेली. कोट बघून मी उभीच राहिले. तू सांभाळतेस त्या म्हातारीने एकदाही अंगात घातला नाही म्हणतेस? वेडी आहे का ती बाई? मी रविवारी चर्चला घालून गेले. शेजारची आक्सिनिया नुसती बघत होती. तू पहिल्या हिवाळ्यात पाठवलेला हीटरही रोज लावते, उबेने झोप छान लागते. बुटांचं माप अगदी बरोबर. तेव्हा माझी काळजी सोड.

आता एक गोष्ट, जी मी दोन महिने लिहायची टाळते आहे. गिंदाला खाज सुटली आहे. या मांजराने चाटून चाटून पोट सोललेल्या कोंबडीसारखं उघडं करून घेतलंय. मानेवर बारीक बारीक खपल्या, हात फिरवला तर ज्वारीचे दाणे लागावेत तशा. पिसवा नाहीत, हे आधीच सांगून ठेवते. माझ्या घरात पिसू सापडली तर मी गाव सोडीन. आक्सिनिया म्हणाली दृष्ट लागली आहे, म्हणून गळ्यात लाल दोरा बांधला. मग कुंपणापाशी ते पिवळ्या चिकाचं झाड उगवतं ना, ज्यानं आपण चामखीळ जाळतो, त्याचा पाला वाळवून ठेवला होता, तो उकळून तिला शेकलं. खाज राहिली बाजूला, रात्रभर ओकत होती.

रागावू नकोस. जाताना तू एकच गोष्ट मागितली होतीस, आई, माझी गिंदा सांभाळ. चार वर्षं सांभाळली. हिला काही झालं तर तुला कुठल्या तोंडाने सांगू?

तुझी आई


पादोवा,
१८ जानेवारी

आई,

पहिलं काम: तो पाला उकिरड्यावर टाक! मांजर अंगाला लावलेलं सगळं चाटतं, म्हणजे तू तिला बाहेरून नाही, आतून शेकलंस. लाल दोरा राहू दे, त्यानं कुणाचं वाईट होत नाही आणि आक्सिनियामावशी खूश राहील.

आमच्या इमारतीखाली एक प्राण्यांची डॉक्टरीण बसते. आमच्या म्हातारीला, सिन्योरा ओर्तेन्सियाला, दुपारी झोपवून मी तिच्याकडे गेले. ती म्हणाली, मांजराची खाज शोधणं म्हणजे अंधारात सुई शोधणं, एकेक कोपरा हाताने चाचपत जावं लागतं. आधी पिसवा. (हो, तुझ्या घरातसुद्धा. ओल्या पांढऱ्या कागदावर तिला विंचर. काळे कण पडले आणि लालसर फुटले तर ती पिसवांची घाण.) मग खरजेचे किडे, मग नायटा, मग खाणं, मग घरातलं काहीतरी. ओरहेईला डॉक्टर आहेत ना, त्यांच्याकडे ने. टोपलीत ने, पिशवीत नको, गुदमरेल.

दुसरी गोष्ट. सिन्योराचा मुलगा तुलियो याने परवा मला बसवून कॉफी दिली. तो कॉफी देतो तेव्हा काहीतरी मागायचं असतं. आणखी दोन वर्षांचा करार करा म्हणतो. माझे कागद आता रीतसर झालेत, त्यामुळे पगारही वाढेल. ईस्टरपर्यंत उत्तर हवं. मी नाही म्हणायचं ठरवलं होतं, आई. खरंच. सगळं आवरून घरी यावं असं फार वाटत होतं. पण तुझं पत्र वाचलं, तू कोट घातलास, हीटर लावून झोपतेस, आणि वाटलं, माझ्या इथे राहण्याचा कुणाला तरी उपयोग होतोय. आता छप्पर, मग आत नळाचं पाणी. दोन वर्षांत होईल सगळं. तुला काय वाटतं?

गिंदाला माझा मुका. डोक्यावर, पोटावर नको.

झीना


नुकारेनी,
२८ जानेवारी

झीना बाळा,

जाऊन आले. ओरहेईपर्यंत बसमध्ये पूर्ण वाटभर ही बया अशी रडत होती की लोकांना वाटलं मी टोपलीत मूल चोरून नेते आहे. आणि प्रत्येकाकडे औषध तयार! एक म्हणे राखेत लोळवा, एक म्हणे रॉकेल लावा. ड्रायव्हर म्हणाला, मावशी, दुसरी घ्या, मांजरांचा काय तोटा आहे. त्याला मी म्हटलं, तुझ्या आईने असाच विचार केला असता तर बस कोणी चालवली असती?

डॉक्टर तरुण आहेत, नाव व्हिक्टर, आडनाव पुरीचे. हात गार पण माणूस बरा. ओल्या कागदावर विंचरलं. एक कण पडला नाही, एकही नाही! मी मान ताठ करून त्यांच्याकडे बघितलं. तरी त्यांनी मानेवर औषधाचे थेंब घातलेच. मग जांभळा दिवा लावून बघितलं, नायटा नाही. खपली खरवडून काचेखाली धरली, किडे नाहीत. मग म्हणाले, आता खाणं. तिने जन्मात न खाल्लेलं एकच मांस, आठ आठवडे, दुसरा कणही नाही. आपल्याकडे असं काय आहे जे या हावरटीने खाल्लं नाही? शेवटी ससा निघाला. आक्सिनियाचा जावई ससे पाळतो. तो देतो, मी त्याच्या पोरांचे मोजे विणते.

चाटू नये म्हणून गळ्यात पुठ्ठ्याचं नरसाळं घातलंय, खायला काढलं की तेवढ्यात चाटून घेतेच. दारांच्या चौकटींना आपटत फिरते आणि माझ्याकडे असं बघते की मीच चोर. शिवाय एक वही दिली आहे. रोज किती खाजवलं, कुठे, काय खाल्लं, काय घडलं ते लिहायचं. वयाच्या चौसष्टाव्या वर्षी गृहपाठ आला नशिबी.

कराराबद्दल मी काय बोलणार? तू शहाणी आहेस, तुझं तू ठरव. माझ्यासाठी अडून राहू नकोस, इथे मला काही कमी नाही.

तुझी आई


पादोवा,
१ फेब्रुवारी

आई,

तुझं पत्र सिन्योरा ओर्तेन्सियाला वाचून दाखवलं. बस-ड्रायव्हरचं ऐकून ती इतकी हसली की तिचे वरचे दात सूपच्या वाडग्यात पडले.

ससा म्हणजे फक्त ससा हं. बोर्शमधलं हाड नाही, चीजचा तुकडा नाही, सायीचा थेंब नाही. मी तुला ओळखते. तू म्हणशील “एवढ्याशाने काय होतंय”, आणि ती आठ आठवड्यांवर पाणी टाकून मिशा पुसेल. वहीतली पानं उतरवून मला पाठव. मी इथे रात्रंदिवस दुसऱ्याच्या आईची औषधं लिहून ठेवते, आपल्या मांजराचंही बघीन.

करारावर तू हो म्हणालीस की नाही, ते चार वेळा वाचूनही कळलं नाही. असो. अजून वेळ आहे.

पुढच्या पार्सलात चादरी येताहेत. नेहमीप्रमाणे धुऊन पाठवते, निळ्या बाटलीतलं ते लिलीच्या वासाचं पाणी घालून. सिन्योराच्या कपाटातल्या वस्तू म्हाताऱ्या वासाच्या असतात. तुला नव्याचा वास यायला हवा. एक भरलेली बाटलीही टाकते आहे, आधीच्या तीन संपल्या असतील.

झीना


नुकारेनी,
२५ फेब्रुवारी

झीना बाळा,

ईस्टरआधीचा मोठा उपास सोमवारी सुरू झाला आणि गावात माझी अब्रू गेली. ती कशी, ऐक.

सगळ्या गावाच्या धुराड्यांतून बीन्स आणि कांद्याचा वास, आणि या एफ्रोसिनाच्या धुराड्यातून सशाचा! मी तो गिंदासाठी उकडत होते, मीठही न घालता. तोच आक्सिनिया आली. दारात उभी राहून नाक वर केलं आणि म्हणाली, “एफ्रोसिना, तुझ्या घरी कुणी आजारी आहे का?” मी म्हटलं, हो, मांजर. ती हं म्हणाली. दुपारपर्यंत विहिरीवर सगळ्यांना कळलं होतं की एफ्रोसिना उपासात मांस खाते आणि मांजराचं नाव सांगते. आज सकाळी पाद्रीबाबा स्वतः आले. मी त्यांना वही दाखवली. त्यांनी चष्मा लावून तीन पानं वाचली. मग म्हणाले, “बाई, तुमच्या या मांजराइतका कडक उपास गावात कुणी करत नाही.” आता आक्सिनिया माझ्याशी बोलत नाही, पण ससे पाठवते.

वही उतरवून सोबत पाठवली आहे. गिंदा वाळली आहे. सशाकडे बघून तोंड फिरवते, मग भूक लागली की माझ्यावर उपकार केल्यासारखी खाते. पोटावर मध्ये जरा लव आली होती, परत गेली. बरं वाटायला लागलं की पुन्हा तेच. मन उडून जातं गं.

तुझं अक्षर असं काय झालंय? कोंबडीने उकरल्यासारखं. नीट जेवतेस ना?

तुझी आई


पादोवा,
७ मार्च

आई,

अक्षराचं सोड, थंडीत बोटं आखडतात.

वही वाचली. एकदा नाही, पाच वेळा. सिन्योराच्या औषधांच्या तक्त्यासारखा मी तुझ्या वहीचा तक्ता केला, प्रत्येक वाराचा एक रकाना. आता तूच बघ. शुक्रवार, “दोनदा चाटलं.” शनिवार, “शांत झोपली.” रविवार, “चर्च, घर, बरी.” सोमवार, “पहाटेपासून खाजवते, मानेवर रक्त काढलं.” मंगळवार, “पोट चाटून ओलं.” मग हळूहळू कमी. पुढचा आठवडा तसाच. त्याच्या पुढचाही तसाच! चारही सोमवार, आई. गिंदाला वार कळतात का?

म्हणजे रविवारी काहीतरी होतं. आणि रविवारच्या तुझ्या नोंदी एवढ्याशा, बाकी दिवशी तू पानभर लिहितेस. चर्चमध्ये कुणाच्या ना कुणाच्या वर्षश्राद्धाचं जेवण असतंच. तिथून रुमालात बांधून तू काहीतरी आणतेस आणि ती नरसाळं आपटत तुझ्या पायाशी बसली की तुझा जीव पाघळतो. खरं सांग. मी ओरडणार नाही. (थोडं ओरडेन.)

डॉक्टरीण म्हणते, खाण्यानं फरक पडला नाही तर शेवटी इंजेक्शनं द्यावी लागतात, आणि ती वरचेवर दिली की मांजराला साखरेचा रोग लागू शकतो. गिंदा अकरा वर्षांची आहे. आपल्याला शोधायलाच हवं.

तुलियोला मी जवळजवळ हो म्हटलंय. छपराच्या पत्र्यांची चौकशी कर.

झीना


नुकारेनी,
११ मार्च

झीना,

हो. मी दिलं. रविवारी साय देत होते, चमचाभर, अगदी परवाच्या रविवारपर्यंत. चूक झाली. आता देणार नाही.

डॉक्टरांना टपाल कचेरीतून फोन केला. ते म्हणाले मग आठ आठवडे पुन्हा पहिल्यापासून मोजा, आणि महिन्यात फरक नाही पडला तर इंजेक्शन.

पत्र्यांची चौकशी करीन.

आई


पादोवा,
२१ मार्च

आई,

मागचा रविवार मी पत्राविना जाऊ दिला, कारण चिडले होते. सिन्योराला म्हटलं, बघा, एवढं बजावून सांगितलं आणि हिनं साय चारली. मनातल्या मनात तुला खूप बोलून घेतलं.

आणि परवा सिन्योराच्या कॉफीत दूध ओतता ओतता हात थांबला.

साय? उपासात?

बाबा गेल्यापासून मोठ्या उपासाच्या सात आठवड्यांत तू दुधाचा थेंब उंबऱ्याच्या आत येऊ दिलेला नाहीस. मी दहा वर्षांची होते तेव्हा आक्सिनियामावशीकडे जाऊन चोरून दही खाल्लं होतं, तर तू मला तीन दिवस चुळा भरायला लावल्या होत्यास! आणि तू रविवारी, चर्चमधून आल्या आल्या, घरात साय ठेवून मांजराला चारतेस? आई, दुसऱ्या कुठल्याही बाईने हे लिहिलं असतं तर मी विश्वास ठेवला असता.

तू खोटं बोललीस. का, ते मला कळत नाही. तू माझ्याशी कधी खोटं बोलत नाहीस, म्हणून लिहितानासुद्धा तुला नीट जमलं नाही. चार ओळींचं पत्र! तू तर निकानोरच्या टायरबद्दल पानभर लिहितेस.

तू तिकडे काय लपवते आहेस? पडलीस का? आजारी आहेस? रविवारी कुणी येतं का घरी? काहीही असो, मला सांग. तुझं एक खोटं म्हणजे गिंदाचे आणखी आठ आठवडे आहेत, हे तरी लक्षात घे. ती बिचारी सशांवर ससे खातेय आणि दोष सशाचा नाहीच.

आणि मी इतक्या लांब आहे, आई. तू लिहिशील तेवढंच मला दिसतं.

झीना


नुकारेनी,
१ एप्रिल

झीना बाळा,

आठवडाभर रोज संध्याकाळी कागद पुढ्यात घेतला आणि उचलून ठेवला. आज लिहून टाकते, नंतर वाचून बघणार नाही.

मी कोट घातलेला नाही. चर्चला नाही, कुठेच नाही. हीटर त्याच्या खोक्यातच आहे, वरची पट्टीसुद्धा फाडलेली नाही. बूट, चादरी, टॉवेल, ते कॉफीचं यंत्र, चार वर्षांत तू जे जे पाठवलंस ते सगळं मोठ्या खोलीत आहे. कुणाचं लग्न नाहीतर मयत असल्याशिवाय आपल्याकडे त्या खोलीत कुणी बसत नाही, तिथे. तुझ्या आजीने विणलेल्या सतरंज्यांचा ढीग आहे ना, त्याच्यावर मी तुझा ढीग रचला. आता पार आढ्याला टेकलाय. ते माझं नाही, बाळा, तुझं आहे. तू येशील, तुझं घर मांडशील, तेव्हा सगळं कोरं करकरीत निघायला हवं. मी म्हातारी, मला जुना कोट पुरतो. थंडी वाजते, पण ती दरवर्षीच वाजते.

आणि रविवारी चर्चमधून आले की मी त्या खोलीत जाऊन बसते. तासभर, कधी दोन तास. चादरींना तुझ्या निळ्या बाटलीचा वास येतो, तो मला तुझाच वाटतो. दुसऱ्या कुणाला सांगितलं तर हसतील. गिंदा बरोबर येते. नरसाळं अडकतं म्हणून मी तेवढा वेळ काढून ठेवते, आणि ती ढिगावर चढून तुझ्या कोटावर पोट टेकून झोपते. मला किती बरं वाटायचं! वाटायचं, हिलाही तू आठवतेस.

त्याच्या पुढचं ऐक आणि मग हवं तेवढं ओरड. शरदात त्या सतरंज्यांवर मला एक कसर दिसली. दरवर्षी मी अक्रोडाची पानं घालते. यंदा वाटलं, एवढ्या बाटल्या नुसत्या पडल्यात, इटलीचं औषध अक्रोडापेक्षा नक्की भारी असणार. तिन्ही बाटल्या मी ढिगावर शिंपडल्या. तशाच, पाणी न घालता, झाडूने. कसर गेली. गिंदाची खाज त्याच महिन्यात सुरू झाली. करायला गेले एक आणि झालं भलतंच.

तुझं ते सोमवारांबद्दलचं पत्र वाचलं आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. पण कबूल केलं असतं तर कोट, हीटर, सगळंच उघडं पडलं असतं. म्हणून सायीचं नाव घेतलं. घाईत उपास विसरले बघ! चौसष्ट वर्षांत पहिल्यांदा विसरले, आणि तेही खोटं बोलताना. देव बघत असतो.

१४ मार्चपासून गिंदाला त्या खोलीत जाऊ दिलेलं नाही. डॉक्टरांना परवा खरं सांगितलं. ते म्हणाले, ती बाटली बादलीभर पाण्यात झाकणभर घालायची असते, मावशी, आणि मांजर ती अंगावरून चाटून पोटात घेत होतं, जिवावर बेतलं नाही हे नशीब. कोमट पाण्याच्या फडक्याने तिला रोज पुसायला सांगितलं. तीन सोमवार झाले. पहिल्या सोमवारी थोडं, दुसऱ्या सोमवारी एकदा, परवाच्या सोमवारी एकदाही नाही. पोटावर लव आली आहे. इंजेक्शन नको म्हणाले.

मी तुला काहीच सांगत नव्हते, कारण मला वाटायचं, मी ये म्हटलं तर तू माझ्या कीवेपोटी येशील. आणि तू तिकडे माझ्यासाठी राहतेस. तू माझ्यासाठी पाठवतेस, मी तुझ्यासाठी साठवते, आणि खाजवते ती मुकी बिचारी. कुणाचं भलं झालं यात?

पत्र्यांची मी चौकशी केलेली नाही. करणारही नाही. छप्पर गळतं तिथे बादली ठेवली आहे. सही करू नकोस, झीना. घरी ये. मला तू हवी आहेस.

आणि अक्षराचं खरं कारण सांग. मी खोटं बोलले म्हणजे तुलाही बोलता येईल असं नाही.

तुझी आई


पादोवा,
४ एप्रिल

आई,

तुझं पत्र निकानोरने आज गाडीतळावर हातात दिलं, आणि तिथेच, सगळ्या पार्सलांच्या मध्ये उभी राहून मी वाचलं. आधी हसले. मग तुझ्या थंडीचं आठवलं आणि इतकी रडले की एका अनोळखी बाईने मला तिच्या पिशवीतलं केक-बिस्कीट खायला दिलं. चार हिवाळे, आई! चार हिवाळे तू त्या स्वयंपाकघरात कुडकुडत झोपलीस आणि मला लिहीत राहिलीस की उबेने झोप छान लागते. तू समोर असतीस तर मी काय केलं असतं कुणास ठाऊक. आधी ओरडले असते, मग तुझ्या कुशीत शिरले असते.

आता माझं ऐक. बोटं थंडीने आखडत नाहीत. ऑक्टोबरपासून माझे हात फुटलेत. तळव्यांना भेगा, बोटांच्या मध्ये लाल, रात्री खाज. पेन धरलं की सोलतं. औषधाच्या दुकानातली बाई म्हणाली होती, तुम्ही कशात हात घालता? मी म्हटलं, कशातच नाही, धुणं-भांडी. खरं म्हणजे तुझ्यासाठीची प्रत्येक वस्तू मी त्या निळ्या पाण्यात हाताने, हातमोज्याशिवाय, दोनदोनदा बुचकळून काढत होते, वास टिकावा म्हणून. तुझं पत्र वाचेपर्यंत माझ्या डोक्यात आलं नाही. गिंदाचा तक्ता मांडणारी मी मोठी शहाणी! आज बाटली सिंकमध्ये ओतली, हातमोजे घालून.

सही केलेली नाही. तुलियोला सांगितलं. तो म्हणाला, पण तुम्ही तर जवळजवळ हो म्हणाला होतात. मी म्हटलं, जवळजवळ. सिन्योरा ओर्तेन्सिया शेजारच्या खोलीतून सगळं ऐकत होती. मी तिचे केस विंचरायला गेले तेव्हा तिने आरशातूनच विचारलं, “तुझी आई किती वर्षांची?” मी म्हटलं, चौसष्ट. म्हणाली, “मग अजून लहान आहे. जा तिच्याकडे. मी त्या दुसऱ्या बाईला दोन दिवसांत रडवीन आणि तिसऱ्या दिवशी माझी सवय लावीन.” मला तिची फार आठवण येईल गं.

नवी बाई ईस्टरनंतर येणार. मी २५ एप्रिलच्या गाडीत आहे, मंगळवारी संध्याकाळी दारात. पुढे काय करायचं ते पुढे बघू, ओरहेईला शिवणकाम तरी मिळेल. तोवर हीटरचं खोकं फोड. आज, आत्ता! नाही फोडलंस तर आक्सिनियामावशीला लिहून सांगेन की उपासात तू साय खाल्लीस.

आणि मला यादी पाठव. चार वर्षांनी येते आहे, हात हलवत आले तर गाव काय म्हणेल? तुला काय आणू? पाद्रीबाबांना, डॉक्टरांना, मावशीला काय? निकानोरने माझ्यासाठी तीन बॅगांची जागा धरून ठेवली आहे.

तुझी झीना


नुकारेनी,
७ एप्रिल

झीना बाळा,

खोकं फोडलं. हीटर लावला. गिंदा त्याच्यासमोर अशी पसरली आहे की मला पाय ठेवायला जागा नाही. पोटावर छान तपकिरी लव आहे, नरसाळं चुलीत घातलं. कोट दोरीवर वाऱ्याला टाकलाय, तीनदा नुसत्या पाण्यातून काढून. वास गेला की घालीन. आक्सिनिया कुंपणावरून बघून गेली, आणि म्हणाली, “आता वापरायला काढलंस?” म्हणजे बोलायला लागली.

हातांना सूर्यफुलाचं तेल लाव, नुसतं, बिनवासाचं. कसलाही पाला लावू नकोस.

यादी मागितलीस. काही आणू नकोस. पाद्रीबाबांना नाही, डॉक्टरांना नाही, मला तर मुळीच नाही. निकानोरला सांग, ती तीन बॅगांची जागा दुसऱ्या कुणाच्या तरी आईला दे. गाव काय म्हणायचं ते म्हणेल, गावाचं तोंड मी बघून घेईन.

तू गेलीस त्या दिवशी तुझ्या दोन्ही हातांत बॅगा होत्या आणि ड्रायव्हर भोंगा वाजवत होता. मला तुला नीट धरताही आलं नाही. तू गाल पुढे केलास, मी घाईत मुका घेतला, आणि गाडी गेली. चार वर्षं मला तेवढंच टोचत राहिलंय. या वेळी गाडीतून उतरशील तेव्हा हात मोकळे ठेव.

तुझी आई